नागपूर: नवीन गेमिंग पीसी जोडला, पंखे फिरून राहिले, पण स्क्रीनवर ‘नो सिग्नल’

फुटाळाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासोबत बसून पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, रॅमचे रंगीत दिवे लागतात, प्रोसेसरचा पंखा तर एकदम जोरात सुटतो आणि तसाच राहतो. मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’, आणि थोड्या वेळात तो झोपी जातो.

सामान असं: प्रोसेसर रायझन ५ ९६००एक्स, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगचा मॉड्युलर (सुट्या केबलांचा) एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, १ टीबी एनव्हीएमई ड्राइव्ह. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ. कॅबिनेट सेकंडहँड घेतलं, त्यात कार्ड उभं बसवायची पट्टी आणि ते कार्ड बोर्डाला जोडणारी रायझर केबल आधीपासून आहे.

केबल कार्डालाच लावली आहे, मदरबोर्डाला नाही. हाच मॉनिटर, हीच एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावली तर चालते. रॅम काढून पुन्हा बसवल्या. काही फरक नाही.

बर्डीवरच्या ज्या दुकानातून बोर्ड घेतला त्यांना फोन केला. ते म्हणाले, “बोर्ड डेड असेल मॅडम, आणून द्या, कंपनीला पाठवू, तीनेक आठवडे धरा.” मला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फायनल इयरचं काम करायचं आहे आणि भावाला सुट्ट्या संपायच्या आत खेळायचं आहे. बोर्ड खरंच गेला असेल का? की घरी अजून काही पाहता येतं?

---

क्लॉकस्पीड_४४००

ताई, दोन गोष्टी सांगा. पहिली, चालू केल्यावर किती वेळ थांबलात? तुमच्या बोर्डाच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ रॅम असली की पहिल्या वेळी बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेतो. तेव्हा काही मिनिटं स्क्रीन पूर्ण काळी असते आणि पंखे फिरत राहतात. बरेच लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबतात, मग ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी, बोर्डावर २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरच्या आसपास बारीक चार दिवे असतात. शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असं छापलेलं असतं. बोर्ड याच क्रमाने एकेक तपासत जातो आणि जिथे अडकतो तो दिवा लागून राहतो. कोणता लागून राहिला ते पाहा.

---

विजेचा_माणूस

माझं मत एसएमपीएस. पंखे फिरले म्हणजे सप्लाय चांगला असं नाही. प्रोसेसरचा ८ पिन नीट बसला का ते पाहा. तो ४+४ असतो आणि कार्डाचा ६+२. दोन्ही आठच पिनांचे, पण वायरिंग वेगळं. आकार जुळत नाही तरी जोर लावून बसवणारे मी पाहिले आहेत. शक्य असेल तर कोणाकडून दुसरा एसएमपीएस आणून लावून पाहा.

---

जुनाहात

ताई, बोर्ड इतक्यात दुकानात नेऊ नका. मी नागपुरातच हे काम नव्वदच्या दशकापासून करून राहिलो आहे. “बोर्ड डेड” हे तपासणीच्या शेवटी म्हणायचं वाक्य आहे. फोनवर ते कोणालाच कळू शकत नाही.

वरच्या भाऊंना एक जोड देतो. दुसरा एसएमपीएस आणलात तर त्याच्या केबलांसकट आणा. मॉड्युलर एसएमपीएसच्या मागच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. तुमच्या केबला त्याला लावल्या आणि बसल्या, तरी चुकीच्या वायरीत १२ व्होल्ट जाऊन चांगलं सामान जळू शकतं.

आता काम कसं करायचं ते. जास्तीचं सगळं काढून टाका. ग्राफिक्स कार्ड काढा, एनव्हीएमई काढा, समोरचे यूएसबी, आरजीबीच्या वायरी, सगळं. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. बोर्ड बाहेर का, तर सेकंडहँड कॅबिनेटमध्ये बोर्ड ज्यावर टेकतो असा एखादा पितळी स्टँडऑफ नको त्या जागी राहिला असेल तर तो बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करतो. बाहेर काढलं की ती शंका एका झटक्यात मिटते.

फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम, २४ पिन आणि सीपीयूचा ८ पिन ठेवा. रॅम प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत, म्हणजे ए२ मध्ये. दोन्ही रॅम लावायच्या तेव्हा दुसरी आणि चौथी खाच. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढून काही मिनिटं थांबा, मग परत बसवा. आधी एसएमपीएसचा प्लग काढलेला असावा. मॉनिटरची केबल या वेळी मदरबोर्डाला लावा. तुमच्या ९६००एक्समध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे, म्हणून बिनाकार्डाचं चित्र यायलाच पाहिजे. हे तुमच्यासाठी फार सोयीचं आहे.

पॉवर बटण कॅबिनेटवरच राहील, तेव्हा बोर्डावरच्या ‘पीडब्ल्यूआर एसडब्ल्यू’च्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा. त्यात धोका नाही, ते अगदी कमी व्होल्टचं असतं. मग कोणता दिवा लागून राहतो तेवढं लिहा. फोटो टाकलात तर आणखी बरं.

---

पारडी_नाका

काका, मधेच विचारतो. माझ्या मावसभावाकडेही हेच होऊन राहिलं आहे. आय५ १२४००एफ, कार्ड आरटीएक्स ३०६०. नो सिग्नल.

---

क्लॉकस्पीड_४४००

@पारडी_नाका: इंटेलमध्ये शेवटी ‘एफ’ असला की आत ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या ७५००एफचंही तेच. मदरबोर्डाच्या एचडीएमआयला काहीच येणार नाही, केबल कार्डाच्याच पोर्टला लावायला सांगा. आणि कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायर जोडली आहे का ते पाहायला सांगा.

---

पारडी_नाका

केबल बोर्डालाच होती. कार्डाला लावली आणि आलं! धन्यवाद भाऊ, पोरगं दोन दिवसांपासून जेवत नव्हतं.

---

फुटाळाकाठ

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं बाहेर काढलं. सीपीयूचा लाल दिवा लागतो आणि तसाच राहतो. आधी डीरॅमचा क्षणभर चमकतो की काय असं भावाला वाटलं, पण थांबतो तो सीपीयूवरच. जेवण करून आलो तरी तोच. दोन्ही रॅम आलटून पालटून पाहिल्या, खाचाही बदलल्या. सीपीयूचा ८ पिन ४+४ वालाच आहे, क्लिक होईपर्यंत बसलेला.

आता प्रोसेसर खराब असेल का? पोटात गोळा आला आहे.

---

विजेचा_माणूस

सीपीयूचा दिवा म्हणजे सॉकेटच्या पिना. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. एक जरी वाकली तरी हे होऊ शकतं. प्रोसेसर काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा. सगळ्या पिनांवरची चमक एका रेषेत दिसली पाहिजे. हात लावू नका, कापूसही नको.

---

जुनाहात

पिना पाहाच, पण त्याआधी माझा एक प्रश्न. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ९००० डेस्कटॉप रेडी’ असं काही स्टिकर आहे का? आणि बोर्डावर बायोसच्या (बोर्डाला सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चिपवर किंवा जवळ एक बारीक पांढरी चिठ्ठी असते, तिच्यावर काय लिहिलं आहे?

का विचारतो ते सांगतो. बी६५० चे बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले, रायझन ७००० सोबत. तुमचा ९६००एक्स आला ऑगस्ट २०२४ मध्ये. सॉकेट तोच आहे, म्हणून प्रोसेसर बसतो छान. पण त्याआधी कारखान्यातून निघालेल्या बोर्डाच्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. तो वीज देतो, पंखे पूर्ण वेगाने फिरवतो आणि तिथेच थांबतो. पंखा “एकदम जोरात सुटतो आणि तसाच राहतो” हे तुम्ही पहिल्याच वेळी लिहिलं होतं, मला तेव्हाच ते खटकलं. बोर्डाने पुढचं काम सुरू केलं की पंख्याचा वेग साधारण खाली येतो.

दुकानात जुना माल पडून असणं ही काही कोणाची फसवणूक नाही. पण नवा प्रोसेसर आणि जुना बोर्ड एकाच बिलावर देताना बायोस अपडेट करून देणं हे विकणाऱ्याचं काम आहे. पुण्या-मुंबईहून ऑनलाइन मागवलं तर हे कोण करून देणार? म्हणून जवळच्या दुकानातून घ्यायचं, आणि घेताना हे मागून घ्यायचं. एवढं मी प्रत्येक पोराला सांगत असतो.

---

फुटाळाकाठ

पिना पाहिल्या, सगळ्या सरळ दिसतात. स्टिकर खोक्यावर नाही!! चिपवरच्या चिठ्ठीवर व्हर्जन नंबर आहे. कंपनीच्या साइटवर आमच्या बोर्डाची सीपीयू सपोर्टची यादी उघडली. त्यात ९६००एक्सच्या पुढे जो कमीत कमी बायोस लिहिला आहे, तो आमच्यापेक्षा बराच नंतरचा आहे.

म्हणजे बोर्ड चांगला आहे? पण डिस्प्लेच नाही तर बायोस अपडेट करू कशी? भाऊ म्हणतो कोणाचा तरी ७००० सिरीजचा प्रोसेसर उसना आणावा लागेल.

---

क्लॉकस्पीड_४४००

उसना आणायची गरज नसेल. बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबी पोर्टांच्या रांगेत, ‘फ्लॅश बायोस’ किंवा ‘क्यू-फ्लॅश प्लस’ किंवा ‘बायोस फ्लॅशबॅक’ असं बटण आहे का? कंपनीप्रमाणे नाव बदलतं, काम एकच. सगळ्या बी६५० बोर्डांवर ते असेलच असं नाही, म्हणून आधी पाहा.

---

फुटाळाकाठ

आहे! एका यूएसबी पोर्टभोवती चौकटही छापली आहे.

---

जुनाहात

मग झालं तुमचं काम. त्या बटणाने प्रोसेसर आणि रॅमशिवायही बायोस लिहिता येतो. फक्त २४ पिन आणि सीपीयूचा ८ पिन जोडलेला हवा. प्रोसेसर बसलेला असला तरी चालतं, काढायची गरज नाही.

लॅपटॉपवर कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा बायोस घ्या. मॉडेलच्या नावात वायफाय असणं-नसणं, मागचं अक्षर, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबर, तिन्ही जुळवा. हे घाईत करायचं काम नाही. झिप उघडा, आतली फाइल पेन ड्राइव्हवर टाका. पेन ड्राइव्ह लहान असलेला बरा, ३२ जीबी किंवा कमी, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, त्यावर दुसरं काही नको. फाइलचं नाव बदलावं लागतं. काय ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये अक्षर न् अक्षर पाहा, कारण नाव चुकलं की बोर्ड फाइल शोधतच नाही.

पेन ड्राइव्ह चौकटीतल्या पोर्टला लावा, एसएमपीएसचं मागचं बटण चालू, पीसी बंद, आणि फ्लॅशचं बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकायला लागेल. तो आपोआप थांबेपर्यंत कशालाही हात लावू नका. अर्ध्यात वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो. फ्लॅशबॅकच्या बटणाने बहुतेकदा पुन्हा लिहिता येतो, पण ती वेळ कशाला आणायची?

आणि हे आज संध्याकाळी करू नका. आभाळ पाहा बाहेर. जूनचा पहिला वारा सुटला की आपल्याकडे लाइट आधी जाते, पाऊस मागून येतो.

---

विजेचा_माणूस

घरी यूपीएस असेल तर त्यावर लावून करा. साधा ६०० व्हीए वालाही चालेल, बायोस लिहिताना लोड नगण्य असतो. मात्र नंतर गेम खेळताना तोच यूपीएस वापरू नका. ६०० व्हीएचे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट मिळतात. प्रोसेसर, १८० वॅटचं कार्ड आणि मॉनिटर धरून सरासरी बसेलही, पण कार्डाची क्षणिक उसळी आली की यूपीएस टें करून बंद.

आणि एक विचारतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का?

---

फुटाळाकाठ

हो! पायात चप्पल नसली की बारीक झिणझिण्या येतात. आम्हाला वाटलं जुन्या घरात असंच असतं. याचा डिस्प्लेशी संबंध आहे?

---

विजेचा_माणूस

डिस्प्लेशी नाही, पण तुमच्या आणि भावाच्या जिवाशी आहे, म्हणून विचारलं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मे व्होल्ट, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतात. करंट फार कमी, म्हणून झिणझिण्याच येतात. पण अर्थिंग नसलेल्या घरात उद्या आतली खरी वायर बॉडीला टेकली तर ते निभावणार नाही. महालात, इतवारीत जुन्या वाड्यांमध्ये मी हे सारखं पाहतो: तीन पिनांचा बोर्ड भिंतीवर असतो, तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. उन्हाळ्यात त्याच बोर्डावर लोखंडी कूलर चालतो, खाली पाणी सांडलेलं, आणि दरवर्षी विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग मोजायला लावा. स्वतः सॉकेट उघडू नका. हे पीसीच्या आधी करा.

---

फुटाळाकाठ

इलेक्ट्रिशियन दादा येऊन गेले. तुम्ही म्हणालात तेच निघालं, त्या खोलीच्या बोर्डात अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. आता जोडून दिली, मुंग्या बंद. आईने तुमचे खास आभार मानायला सांगितले आहेत. स्वयंपाकघराची लाइनही तपासून घेतली.

आणि मुख्य बातमी: सकाळी लख्ख ऊन असताना बायोस टाकला. दिवा लुकलुकत होता तेव्हा दोघं श्वास रोखून बसलो होतो. थांबल्यावर पीसी चालू केला. सीपीयूचा दिवा गेला, डीरॅमचा पिवळा लागला आणि तसाच राहिला. भाऊ बटण दाबायला धावला, मी त्याचा हात धरला, क्लॉकस्पीड दादांनी ट्रेनिंगचं लिहिलं होतं ते आठवून. काही मिनिटांनी पंखा शांत झाला आणि स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह!!! मदरबोर्डाच्या एचडीएमआयवर. बायोसमध्ये ९६००एक्स स्वच्छ दिसतो.

मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, कार्ड लावलं, विंडोज ११ टाकली. पण आता व्हीजीएचा पांढरा दिवा लागून राहिला आहे आणि कार्डाच्या पोर्टांतून काहीच येत नाही. डिस्प्लेपोर्टही पाहिला. बोर्डाच्या एचडीएमआयवर सगळं चालतं.

---

क्लॉकस्पीड_४४००

अभिनंदन ताई! निम्मा डोंगर चढलात.

कार्डाबद्दल एक माहिती. ५०६० आणि ५०६० टीआयसाठी एनव्हिडियाने २०२५ मध्ये यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं टूल दिलं आहे. काही मदरबोर्डांवर रीबूट केल्यावर स्क्रीन काळी राहायची, त्यासाठीच. बोर्डाच्या डिस्प्लेवर विंडोजमध्ये जाऊन ते चालवा. लागेल तर अपडेट करतं, नाही तर गरज नाही म्हणतं.

---

फुटाळाकाठ

टूल चालवलं, ते म्हणतं कार्डच सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्येही फक्त एएमडीचं ग्राफिक्स दिसतं. कार्डाचा ८ पिन पक्का बसला आहे, चालू करताना कार्डाचे पंखेही जरासे हलतात.

---

जुनाहात

विंडोजलाही कार्ड दिसत नाही म्हणजे फर्मवेअरच्या आधीच गाडी अडली. कार्ड आणि बोर्ड यांच्यात काय आहे? तुमच्या पहिल्या पोस्टीत लिहिलेली रायझर केबल. जुन्या कॅबिनेटसोबत आलेली म्हणजे बहुधा पीसीआयई ३ ची. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्डाची जोडणी, आकडा मोठा तसा वेग जास्त. तुमचा स्लॉट ४ चा आणि कार्ड ५ चं. दोघं मिळून ४ च्या वेगाने बोलायला जातात, ती केबल तेवढा वेग नीट नेऊ शकत नाही, आणि बोलणं सुरूच होत नाही. केबलवर व्हर्जन छापलेलं असेल तर पाहा.

रायझर काढा, कार्ड थेट बोर्डात आडवं बसवा. आलं तर केबलच दोषी. मग खात्री म्हणून पुन्हा रायझर लावून बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ (म्हणजे पीसीआयई ३) करा. तेव्हाही चाललं तर शंकेला जागाच राहत नाही.

---

फुटाळाकाठ

आलं!!!! थेट बसवल्याबरोबर कार्डातून १४४०पी, १६५ हर्ट्झ. टूल पुन्हा चालवलं, ते म्हणतं अपडेटची गरज नाही. मग भावाच्या हट्टाने रायझर पुन्हा लावून जेन ३ केलं, तर रायझरमधूनही चाललं. काका, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

आता प्रश्न. जेन ३ वर ठेवून कार्ड उभंच ठेवू का? भावाला काचेतून पूर्ण कार्ड दिसलेलं आवडतं.

---

जुनाहात

माझं ऐकाल तर आडवंच ठेवा. तुमचं कार्ड १६ नाही, ८ लेनचं आहे, म्हणजे डेटा जायच्या वाटा आठच. जेन ३ वर त्याला मिळणारी वाट निम्मी होते. बऱ्याच गेममध्ये फरक जाणवणार नाही, पण कार्डाची मेमरी भरली की जाणवेल, आणि ब्लेंडरचे मोठे सीन तुम्हीच करणार आहात. दुसरं, या कॅबिनेटमध्ये उभं कार्ड काचेला किती खेटून राहतं ते पाहा. पंख्यांना हवा मिळाली नाही तर मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, ते कार्ड स्वतःचाच वेग कमी करेल. भावाला उभंच हवं असेल तर पीसीआयई ४ ची चांगली रायझर घ्या आणि काचेपासून अंतर मोजून घ्या.

खोलीतल्या कूलरच्या थेट झोतातही कॅबिनेट ठेवू नका. ती हवा गार असते पण ओली असते.

---

क्लॉकस्पीड_४४००

आणि रॅम आत्ता बहुतेक ४८०० वरच चालत असेल. बायोसमध्ये ‘एक्सपो’ (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू केलं की ६००० होईल. ते केल्यावर पुन्हा एकदा ट्रेनिंग, पुन्हा काळी स्क्रीन. घाबरू नका, थांबा. नंतर पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या. एरर आली तर एक्सपो बंद करून इथे लिहा.

---

पारडी_नाका

ताई, दुकानदाराला कळवलं का?

---

फुटाळाकाठ

हो, कालच बर्डीला जाऊन आले. भांडायला नाही. बायोसचं सगळं सांगितलं आणि चिठ्ठीचा फोटो दाखवला. त्यांनी माझ्यासमोरच त्याच लॉटचे उरलेले खोके काढून पाहिले, एकावरही स्टिकर नव्हतं. आता ९००० सोबत देताना बायोस टाकूनच देऊ म्हणाले. बोर्डाचं बिल आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा असंही म्हणाले, वॉरंटीत ते झाकण मागतात.

एक्सपो चालू केलं, ६००० दिसतं. मेमटेस्टमध्ये एकही एरर नाही. कार्ड आडवंच ठेवलं आहे. ज्यांना हाच बी६५० आणि ९००० चा घोळ असेल त्यांनी इथेच विचारा, माझ्याकडे फॅट३२ केलेला पेन ड्राइव्ह तयार आहे. फुटाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना आणून देईन.